एका सतरा अंकी संख्येचे गुणधर्म

प्राथमिक शाळेत संख्यालेखनाचा पाठ बहुधा कोटीपाशी थांबतो. त्यापुढील स्थानांची नावे मुले तोंडपाठ म्हणतात. परंतु त्या स्थानांवर अंक मांडून संख्या वाचण्याचा प्रसंग वर्गात क्वचितच येतो. परिणामी मोठी संख्या म्हणजे अवघड संख्या, अशी समजूत मुलांच्या मनात दृढ होते. वस्तुतः संख्येचा आकार आणि तिची अवघडता यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही. सतरा किंवा एकोणीस यांच्या पाढ्यात अडखळणारा विद्यार्थीसुद्धा पुढील सतरा अंकी संख्येचे वर्गमूळ थोड्या विचाराने सांगू शकतो. ते कसे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

१२३४५६७८९८७६५४३२१

शिक्षकांनी ही संख्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहावी आणि प्रथम काहीही न सांगता मुलांना ती नुसती पाहू द्यावी. पहिली गोष्ट मुलेच सांगतील की, अंक एकापासून नवापर्यंत चढत जातात आणि पुन्हा एकापर्यंत उतरतात. दुसरी गोष्ट थोड्या वेळाने एखाद्याच्या ध्यानी येईल की, ही संख्या डावीकडून वाचा अथवा उजवीकडून, ती तीच राहते. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य मुलांना ठाऊक असतेच. त्या वाक्याला ऱ्हस्व-दीर्घाची किंचित सवलत द्यावी लागते. या संख्येला तीही लागत नाही.

आता वाचन. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) दशमान पद्धतीच्या अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. जुन्या मराठी शाळांतून ती एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशा क्रमाने म्हणून घेतली जात. कोटीच्या पुढील नावांत निरनिराळ्या पुस्तकांतून थोडाफार फरक आढळतो. म्हणून वर्गात एकच यादी निश्चित करून तिलाच धरून चालावे. वरील यादीप्रमाणे आपल्या संख्येतील डावीकडचा एक हा ‘मध्य’ या सतराव्या स्थानी बसतो. मग वाचन असे होते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी; आणि तेथून उतरणीला आठ कोटी, सात दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशसहस्र, चार सहस्र, तीन शतं, दोन दहं, एक एकं. एवढी यादी पाठ करूनही जी नावे आयुष्यात कधी वापरली जात नाहीत, ती या एका संख्येने ओळीने वापरली जातात. केवळ परार्ध तेवढा रिकामा राहतो. नित्य व्यवहाराच्या पद्धतीने वाचावयाचे तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी स्वल्पविराम देऊन मांडणी करावी, आणि ‘एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस’ असे म्हणावे. ‘कोटी’ हा शब्द येथे दोनदा का येतो, हा प्रश्न वरच्या वर्गात अवश्य विचारावा.

नाव घेता आले, तरी परिमाण ध्यानात येतेच असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील मुलांना यासाठी ज्वारीच्या दाण्याइतके सोयीचे माप दुसरे नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी घरोघरी परिचित आहे. तिचे दाणे टपोरे असतात. एका किलोग्रॅममध्ये ते सुमारे तीस हजार भरतात असे धरून चालावे. (शाळेतील पोषण आहाराच्या तराजूवर शंभर दाणे मोजून व तोलून हा अंदाज मुलांकडून पडताळून घेता येईल, दाण्याच्या टपोरेपणाप्रमाणे तो थोडा कमीअधिक होईल.) या हिशेबाने आपल्या संख्येइतके दाणे म्हणजे सुमारे एक्केचाळीस कोटी टन ज्वारी. २०२२-२३ या वर्षी संपूर्ण भारतात पिकलेले सर्व प्रकारचे अन्नधान्य, म्हणजे भात, गहू, ज्वारी, बाजरी, मका आणि डाळी ही सारी मिळून, सुमारे तेहतीस कोटी टन होते. देशाचे सबंध वर्षाचे धान्य एका ढिगात ओतले तरी दाणे पुरणार नाहीत, असे सांगितले की, जे सतरा अंकांवरून कळत नाही ते मुलांना एकदम कळते.

काळाचे माप घ्यावयाचे असेल तर दर सेकंदास एक याप्रमाणे, न झोपता व न थांबता, मोजीत राहिल्यास ही मोजणी पुरी होण्यास सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील. गावोगाव विहिरी खणताना जो काळा पाषाण लागतो, तो ज्या लाव्ह्यापासून झाला, त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. अर्थात त्या पाषाणाच्या वयाच्या सहापट काळ केवळ एक संख्या मोजण्यात जाईल.

आणि तरीही ही संख्या चौथी-पाचवीतील मुलाच्या आवाक्यात आहे, कारण ती मोजावी लागत नाही, घडविता येते. मुलांना पुढील गुणाकार क्रमाने करावयास द्यावेत.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

तिसऱ्या गुणाकाराची मांडणी फळ्यावर पूर्ण करून दाखवावी. एकाने गुणले असता गुण्य तसेच राहते, एवढेच येथे वापरावयाचे आहे. प्रत्येक आडवी ओळ आधीच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकते.

१ १ १ १ या अंकांच्या चार ओळी अशा एकेक घर सरकवून एकाखाली एक लिहिल्या की, उजवीकडच्या पहिल्या उभ्या रकान्यात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. पुढे डावीकडे पुन्हा तीन, दोन, एक. उत्तरातील प्रत्येक अंक म्हणजे त्या त्या रकान्यातील एकांची संख्या होय. येथे गुणाकार नावापुरता असून काम सगळे मोजण्याचे आहे. हे एकदा ध्यानात आल्यावर पाच एकांचा वर्ग १२३४५४३२१ असणार हे मुले गुणाकार न करताच सांगतात, आणि नऊ एकांपर्यंत त्यांना कोणी अडवू शकत नाही:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

वर्गमूळ सांगण्याची युक्ती यातच आहे. मधला, सर्वांत मोठा अंक जितका, तितके एक. फळ्यावरील संख्येच्या मध्यभागी ९ आहे; म्हणून वर्गमूळ नऊ एकांचे. संख्येत सतरा अंक का, याचेही उत्तर याच मांडणीत मिळते. पहिली ओळ नऊ घरांची, आणि उरलेल्या आठ ओळींनी प्रत्येकी एक नवे घर डावीकडे व्यापलेले. नऊ अधिक आठ सतरा.

याच मांडणीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ एक, म्हणजे एकूण एक्याऐंशी एक. ते रकान्यांप्रमाणे मोजले तर १ + २ + ३ … + ९ + ८ … + २ + १. दोन्ही प्रकारे मोजले तरी वस्तू त्याच. म्हणून आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ भरलीच पाहिजे. चिंचोक्यांनी हे फार चांगले दाखविता येते. नऊ ओळींत नऊ-नऊ चिंचोके चौरसात मांडावे आणि चौरस कोपऱ्यावर उभा केल्याप्रमाणे तिरप्या रेषांनी मोजावा. एका कोपऱ्यात एक, पुढच्या तिरप्या रेषेत दोन, मधल्या कर्णावर नऊ, आणि समोरच्या कोपऱ्यात पुन्हा एक. ज्यांच्या घरी माग आहे वा होता, अशी मुले सोलापूर शहरात व आसपास पुष्कळ आढळतात. चादरीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढली जाते आणि कारागीर ती घरे मोजूनच विणीत उतरवितो. त्या मुलांना कर्णावरची घरे मोजणे नवे वाटणार नाही.

या जातीच्या संख्यांचा विचार महाराष्ट्रातील एका शाळाशिक्षकाने विशेषत्वाने केला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. ठाण्यास शालेय शिक्षण व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात उच्च शिक्षण घेऊन १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. महाविद्यालयात असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथे शिक्षक होते. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन अंकांचा विचार, अशी ही तीन दशके गेली. त्यांच्या लेखनाचा बराचसा भाग लहान पुस्तिकांच्या रूपाने, बहुतांशी स्वखर्चाने, प्रसिद्ध झाला. अनेक भारतीय गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटे. १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. सेवानिवृत्तीला तोपर्यंत तेरा वर्षे होऊन गेली होती. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

कापरेकरांचे नाव ज्या संख्येमुळे सर्वतोमुखी झाले ती ६१७४. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया करीत जावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते व तेथेच स्थिर राहते. सोलापूर शहराच्या ४१३००१ या पिनकोडातील पहिले चार अंक घेतले तर ४३१० वजा ०१३४ बरोबर ४१७६, आणि ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. दोनच पायऱ्या पुरतात. परंतु ६१७४ ही पुष्कळ शिक्षकांना ठाऊक असते. त्यामानाने त्यांच्या ‘डेम्लो’ संख्या अपरिचित राहिल्या आहेत, आणि प्रस्तुत संख्या त्यांतलीच आहे.

जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकात कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्थानकाच्या नावावरून त्यांनी हे नाव बनविले. अशा संख्येचे तीन भाग पडतात. डावा व उजवा भाग यांची बेरीज केली असता एकच अंक पुनःपुन्हा येतो, आणि मधल्या भागातही तोच अंक असतो. २५५३ पाहा. डावीकडे २, उजवीकडे ३, त्यांची बेरीज ५. आणि मध्ये ५५. ही संख्या २३ × १११ या गुणाकारातून येते, हे मांडणी करून पाहिल्यास त्यातील रहस्य कळते. १२३२१ मध्ये १२ व २१ यांची बेरीज ३३, आणि मध्ये ३. आता आपल्या मोठ्या संख्येचे मधल्या नवाच्या दोन्ही बाजूंस दोन भाग करावेत:

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

ही बेरीज तिसरीतील मुलाला हातचा न घेता करता येते, कारण प्रत्येक घरात एक व आठ, दोन व सात, तीन व सहा अशी नवाची जोडी आहे.

कापरेकरांनीच आणखी एका जातीच्या संख्यांना ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणाऱ्या असे नाव दिले. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. १८ ही हर्षद आहे, कारण १ व ८ मिळून ९, आणि नवाने अठराला भाग जातो. १९ नाही. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे हे वर आलेच. आता तिला ८१ ने भाग जातो काय? प्रत्यक्ष सतरा अंकी भागाकार करण्याचे कारण नाही. मूळ १११११११११ मध्ये नऊ एक आहेत, म्हणून त्याला नवाने भाग जातो. म्हणून त्याच्या वर्गाला नवाच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने, भाग जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. एका एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांच्या या मालिकेत हर्षद संख्या तीनच आहेत: १, १२३२१ आणि ही. डेम्लो आणि हर्षद ही कापरेकरांची दोन्ही अपत्ये या एका संख्येत एकत्र आली आहेत.

नवाने भागण्याचा प्रसंग आलाच आहे, तर तो भागाकार फळ्यावर करून दाखविण्यासारखा आहे. १११११११११ ला ९ ने भागताना प्रथम ११ घ्यावे: भाग १, बाकी २. पुढचा १ खाली घेतला की २१: भाग २, बाकी ३. मग ३१: भाग ३, बाकी ४. असे ४१, ५१, ६१ करीत ७१ पर्यंत यावे: भाग ७, बाकी ८. आता ८१ आले. आतापर्यंतच्या चालीने मुले ‘भाग ८, बाकी ९’ असे म्हणण्याचा संभव आहे. परंतु बाकी भाजकाइतकी राहू शकत नाही. ८१ ला पूर्ण ९ चा भाग जातो आणि बाकी शून्य उरते. म्हणून भागाकार १२३४५६७९ असा येतो आणि त्यात आठ हा अंक नाही. ‘आठ कोठे गेला?’ हा प्रश्न वर्गात विचारून थोडे थांबावे. बाकी भाजकाहून लहान असते, हा नियम मुलांनी पाठ केलेला असतो. त्याचे प्रयोजन या ठिकाणी त्यांना प्रथमच दिसते.

या आठविरहित संख्येने एक खेळही करता येतो. मुलाने आपल्या आवडीचा अंक सांगावा, समजा ५. त्याला नवाने गुणून ४५ घ्यावे आणि १२३४५६७९ ला ४५ ने गुणावे; उत्तर ५५५५५५५५५ येते. का, हे वरील भागाकारावरून उघड आहे. गुणाकाराच्या रुक्ष सरावापेक्षा मुले हा सराव आनंदाने करतात आणि चूक झाली तर ती त्यांची त्यांनाच दिसते.

संख्येचे मूळ अवयव पाडावयाचे तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यांपैकी ३७ मिळविणे सोपे आहे, कारण १११ म्हणजे ३ × ३७, आणि नऊ एकांत १११ तीनदा येते. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. त्यावरून हिशेब केला तर आपल्या सतरा अंकी संख्येला निःशेष भाग देणाऱ्या संख्या, १ व ती स्वतः धरून, अवघ्या ४५ निघतात. तीन अंकी ३६० ला २४ आहेत, हे पाहता हे वैभव काही मोठे नव्हे. आकाराने अवाढव्य असणे आणि पुष्कळांनी भागले जाणे या गोष्टी वेगळ्या आहेत.

आता शिक्षकांच्या दैनंदिन कामाशी या संख्येचा जो संबंध येतो, त्याविषयी. शाळेच्या संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात ही संख्या टंकलिखित केली, तर यंत्र ती १२३४५६७८९८७६५४३०० अशी ठेवते. शेवटचे २ व १ नाहीसे होऊन त्यांच्या जागी शून्ये येतात. कारण असे की, हे साधन कोणत्याही संख्येचे डावीकडून पंधराच अंक लक्षात ठेवते. बेरीज-वजाबाकीच्या नित्य हिशेबात पंधरा अंक पुरून उरतात. परंतु सरल प्रणालीतील विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक एकोणीस अंकी आहे आणि काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. असा क्रमांक संख्या म्हणून तक्त्यात भरला की, त्याचे शेवटचे अंक कोणतीही सूचना न देता शून्य होतात आणि एका मुलाची शिष्यवृत्ती अडून राहू शकते. चौकट आधीच मजकुराच्या स्वरूपाची करून घेणे, किंवा क्रमांकापूर्वी ’ असे एकेरी अवतरणचिन्ह देणे, हा त्यावरील उपाय होय. मुळात खाते क्रमांकाची कोणी बेरीज करीत नाही; तो अंकांनी लिहिलेला असला तरी नावासारखा आहे. संख्या आणि क्रमांक यांतील हा भेद मुलांनाही समजावून देण्याजोगा आहे.

यंत्राची ही चूक ओळखण्यास दुसऱ्या यंत्राची आवश्यकता नाही. पहिली कसोटी एककाची. एकाला एकाने गुणून एकच येतो. म्हणून नऊ एकांच्या वर्गाच्या एकक स्थानी १ च असला पाहिजे, शून्य असू शकत नाही. दुसरी कसोटी नवांची. यंत्राने दाखविलेल्या संख्येतील अंकांची बेरीज ७८ भरते; ७८ ला नवाने भागून ६ उरतात; पण खऱ्या संख्येला नवाने निःशेष भाग जातो. तिसरी कसोटी अकराची. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा कराव्यात: १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ यांची ४१ आणि २, ४, ६, ८, ८, ६, ४, २ यांची ४०, वजाबाकी १. नऊ एकांतही एकाआड एक अंकांच्या बेरजा ५ व ४, वजाबाकी १. आणि एकाचा वर्ग एकच. दोन्हींचा मेळ बसला. सतरा अंक डोळ्यांनी तपासताना एखादा अंक निसटतो. या तीन कसोट्यांना तो सहसा निसटू देता येत नाही.

एक प्रश्न अद्याप राहिला आहे, आणि एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी तो विचारल्यावाचून राहणार नाही: नऊ एकांनंतर दहा एक घेतले तर? काही शिक्षक उत्साहाच्या भरात ‘हे असेच पुढे चालते’ असे सांगून मोकळे होतात. ते खरे नाही. मांडणी तीच राहते. रकान्यांत १, २, ३ पासून ९ पर्यंत, मग १०, आणि पुन्हा ९ पासून १ पर्यंत एक येतात. परंतु मधल्या रकान्यातील दहा एका घरात मावत नाहीत. तेथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे द्यावा लागतो. डावीकडे नऊ होते, ते हातच्यासह दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्याही डावीकडे आठ होते, ते नऊ झाले आणि तेथे हातचा संपला. म्हणून:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डौल बिघडला, चढण आणि उतरण सारखी राहिली नाही. चढणीवरचा आठ मात्र येथेही नाहीसा झाला आहे. आधी तो बाकीच्या नियमाने गेला होता, आता हातच्याने गेला. उलटसुलट सारखे वाचण्याचा गुण या मालिकेत नवापाशीच संपतो, आणि त्याचे कारण अंकांच्या अंगी नसून आपण दहाच्या गटाने मोजतो यात आहे. बाराच्या गटाने मोजणारे लोक असते, तर त्यांची मालिका आणखी दोन पायऱ्या चढली असती.

हातच्याचा परिणाम अंकांच्या बेरजेवरही होतो आणि तो मोजता येतो. दहा ओळींत दहा-दहा एक, म्हणजे शंभर एक. पण उत्तरातील अंकांची बेरीज केली तर ८२ च भरते. अठरा कोठे गेले? प्रत्येक हातच्याच्या वेळी एका घरातून दहा काढून घेतले जातात आणि शेजारच्या घरात एक ठेवला जातो. अंकांची बेरीज दर वेळी नऊने उणी होते. हातचे दोन घेतले, म्हणून दोन नवे अठरा उणे झाले. नवांच्या कसोटीला गुणाकारातील हातच्यांमुळे धक्का का लागत नाही, याचे उत्तरही हेच आहे: जे जाते ते नऊ-नऊच्या गटानेच जाते.

अकरा एकांचा वर्ग मुलांनी स्वतः मांडावा. उत्तर १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ असे येते. एकूण एक १२१, अंकांची बेरीज ८५, उणे झाले ३६. म्हणजे हातचे चार असले पाहिजेत. आणि उजवीकडून मोजीत गेल्यास ते मधल्या १०, ११, १० या तीन रकान्यांत व त्यांच्या डावीकडच्या ९ मध्ये सापडतात.